देखभालीत टाकलेली आई

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. रागात असली की बायकोसुद्धा. माणूस कामाला वाघ, पण घरच्या गोष्टींची आठवण म्हणाल तर नुसती बोंब. लग्नाचा वाढदिवस विसरे, मुलीच्या शाळेतली सभा विसरे, आणि कुणी तोंडावर सांगितलं की “अरे हो की!” असं इतक्या निरागसपणे म्हणे की समोरच्याचा पारा आणखी चढे. लिफ्टच्या बाबतीत मात्र असं होण्याची बिशाद नव्हती. कुठल्या इमारतीतलं दार कितव्या मजल्यावर अडतं, कुठली मोटर कधी कुरकुरते, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

तर कंपनीने सगळ्या मेकॅनिकांना नवे फोन दिले. त्यात एक ॲप होतं. सकाळी उघडलं की दिवसभराची कामं, हवामान, रस्त्यावरची गर्दी, सगळं एका नजरेत दिसायचं. फक्त ते आधी आपल्या सोयीनं लावून घ्यायचं होतं, आणि तिथेच मिस्त्रीच्या नाकी नऊ आले. शेवटी मुलगी शेजारी येऊन बसली.

“वर काय दाखवू बाबा, हवामान की कामं?”

“कामं. ऊन पडलं काय नि ढग आले काय, मी आपला लिफ्टच्या शाफ्टमध्ये.”

“मोठ्याने वाचून दाखवायला हवं?”

“हवंच. माझे हात ग्रीसने माखलेले असतात. आणि आवाज चांगला खणखणीत ठेव.”

उत्तरही तोंडीच देता येईल, अशी सोय तिने करून दिली. मग म्हणाली, “आता कुटुंब. यात आजीला टाकते.”

मिस्त्री थबकला. त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहायची. मध्यंतरी फोनवर ती म्हणाली होती, “तुला एक सांगायचंय. फोनवर नको, आलास की निवांत बोलू.” त्यानंतर तो जाऊन आला होता, नाही असं नाही. पण एकदा दारातूनच परतला, आणि एकदा कंपनीचा फोन आला म्हणून बोलत बोलत जिना उतरला तो उतरलाच. आईचं सांगणं राहून गेलं. याची बोच त्याच्या मनाला होती.

“कुटुंबात नको,” तो म्हणाला. “देखभालीत टाक.”

“बाबा! आजी काय लिफ्ट आहे?”

“अगं, कुटुंबात टाकलेलं माझ्याकडून राहून जातं. देखभालीतलं एक काम आजवर चुकलंय का, सांग बरं!”

आपण फार शक्कल लढवली, असं त्याला वाटलं. मुलीने खांदे उडवले आणि देखभालीचे रकाने भरायला घेतले. ठिकाण, आई. वेळ, अर्धा तास. तक्रार? तो रकाना प्रत्येक लिफ्टला असतोच. “राहू दे रिकामा,” मिस्त्री म्हणाला, “गेल्यावर बघू.”

आणि ॲपने आपलं काम चोख केलं. ठरल्या दिवशी त्याने आठवण दिली नि मिस्त्री ठरल्या वेळी आईच्या दारात हजर झाला. आईचा चेहरा असा काही उजळला, की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. तिने खुर्ची पुसून दिली, चहा केला, नातीची चौकशी केली. इकडचं तिकडचं बोलून झालं. ती काहीतरी सांगायला शब्द जुळवत होती, हे मिस्त्रीलाही कळत होतं. या वेळी तो घाई करणार नव्हता. फोन टेबलावर ठेवून तो आरामात रेलून बसला.

“तुला म्हटलं होतं ना, सांगायचंय म्हणून,” आईने अखेर सुरुवात केली. पदर सारखा केला. “त्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये...”

“ठिकाण, आई,” टेबलावरून खणखणीत आवाज आला. “देखभालीची वेळ संपली आहे. काही तक्रार आहे का?”

मिस्त्रीने झडप घालून फोन उचलला, पण शाफ्टच्या अंधारात स्क्रू न चुकणारी त्याची बोटं त्या काचेवर नुसतीच घसरत राहिली.

“हे... ऑफिसचं आहे गं,” तो कसाबसा म्हणाला.

“ऑफिसचं? मग त्यात मी कशी?”

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. तेच मिस्त्रीला सोसेना.

“म्हणजे... तुझी आठवण राहावी म्हणून टाकलं,” तो बोलून गेला, आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“काही तक्रार आहे का?” फोनने पुन्हा विचारलं.

आई पुढे झुकली. बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी फोनजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “नाही. तक्रार नाही. झालं काम.”

“धन्यवाद. पुढील भेट पुढच्या महिन्यात.”

मिस्त्रीचे कान तापले होते. फोन खिशात कोंबून त्याने विचारलं, “आई, बाथरूममध्ये काय झालं?”

“कुठे काय! बल्ब गेला होता रे. शेजाऱ्यांकडून बसवून घेतला.” कपबशी उचलून ती स्वयंपाकघरात गेली. तिची चाल त्याने आज पहिल्यांदा पाहिली. भिंतीला हात लावल्याशिवाय ती पाऊल टाकत नव्हती.

तो उठून बाथरूममध्ये गेला. बटण दाबून बल्ब लावला. त्याच्यावर धूळ साचली होती, कित्येक दिवसांत त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. खाली, नळापासून दाराच्या कडीपर्यंत, जुन्या चादरीची पट्टी पिळून ताणून बांधली होती. धरून उठायला, धरून चालायला. मधोमध हात लागून लागून ती काळवंडली होती.

लोकांना वरखाली नेणारे पोलादी दोर तपासण्यात या माणसाचा जन्म गेला होता. सवयीने त्याने ती पट्टी मुठीत धरली आणि जरा ओढून पाहिली. कडीकडची गाठ सुटून त्याच्या हातात आली.

ते टोक हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. बाहेर जाऊन आईला कुठल्या तोंडाने सामोरं जावं, ते त्याला कळेना. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“तुझी हत्यारांची पिशवी दाराशी ठेवलीय बरं का,” बाहेरून आई म्हणाली. “नीघ आता. पुढे कुणीतरी अडकलं असेल.”