फॅक्स पाठवणारा फोन

नवी वस्तू हातात आली की घर गाठेपर्यंत मला दम निघत नाही. त्या संध्याकाळी बंगळूरात व्हाइटफील्डहून चामराजपेटला येणाऱ्या बसमध्ये मी मांडीवरची पिशवी सारखी उघडून बघत होतो. आत फोन होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं, साधा मोबाइलसुद्धा आमच्या गल्लीत एखाद-दुसऱ्याकडेच होता, आणि माझा तर बंद असताना फोन आणि आडवा उघडला की आत अख्खा कीबोर्ड आणि पडदा! ऑफिसातल्या एकाने तो परदेशातून आणला होता आणि लवकरच त्याला कंटाळला. मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो आणि फोन पदरात पाडून घेतला. विटेएवढं ते धूड शर्टाच्या खिशात मावत नव्हतं, पण मला जगात त्याहून देखणं काही दिसत नव्हतं.

त्याआधी माझा सगळा कारभार डिजिटल डायरीवर चालायचा. कॅल्क्युलेटरएवढी वस्तू, रबरी बटणं, दोन-तीन ओळींचा राखाडी पडदा. तिच्यात नंबर होते, वाढदिवस होते, पण तिचा खरा उपयोग वेगळाच होता. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी ताप आला आणि त्यात तिचं ऐकणं गेलं. घरातल्यांचे ओठ वाचून ती सगळं समजून घ्यायची, हातवाऱ्यांनी उत्तर द्यायची. आम्हा दोघांच्या गप्पा मात्र डायरीत. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून ती डायरी माझ्याकडे सरकवायची, मी वाचून पुढचं टाइप करायचो. पाहुण्यांसमोर बसून पाहुण्यांचीच टिंगल करायला याहून चांगली सोय नव्हती.

त्या दिवसांत घरात एकच विषय होता. शहराबाहेर होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात घड्याळांचे सुटे भाग जोडायला मुली हव्या होत्या, आणि ऐकू न येणाऱ्या मुलींनाही घेत होते. बहिणीच्या शाळेतली मैत्रीण तिथे लागलीसुद्धा. बहिणीने तर ध्यासच घेतला होता. आई स्वयंपाकघरात जिकडे तोंड करील तिकडे ही जाऊन उभी राहायची. आई बधत नव्हती.

"होसूर रोडवर बस बंद पडली तर?" आई मला विचारायची, जणू नोकरी मीच काढली होती. "बाकीच्या पोरी बूथवरनं फोन करतील. ही काय करणार, सांग की! कुणाला चिठ्ठी दाखवत फिरणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर आता पिशवीत घेऊन मी घरात शिरलो होतो.

"झालं काम!" चपला काढता काढताच मी ओरडलो. फोन उघडून बहिणीच्या मांडीवर ठेवला, आईला समोर बसवलं आणि भाषण ठोकलं. या फोनवरून लिहिलेला निरोप जातो, बोलावं लागत नाही, ऐकावं लागत नाही, हिने कुठूनही टाइप करावं आणि आपण इथे वाचावं. आई ऐकत होती. बहिणीने माझे ओठ शेवटपर्यंत वाचले, मग शांतपणे जुनी डायरी उचलली, टाइप केलं आणि माझ्यापुढे धरली.

'फोन एकच आहे. मी पाठवणार कुणाला?'

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. इतका शिकलेला मी, कंप्युटरवर पोट भरणारा, आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. दुसरा फोन घ्यायची ऐपत नव्हती. आई भाजी चिरायला उठली. मला स्वतःचा असा राग आला की तो फोन बंद करून ट्रंकेत टाकावा असं वाटलं.

बहीण मात्र फोन सोडेना. एकेक बटण दाबून ती आतलं सगळं धुंडाळत बसली. आणि एकदम माझ्या दंडावर तिची चापट बसली. पडद्यावर एका शब्दावर बोट ठेवून तिने दुसऱ्या हाताने दाराबाहेर, अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दुकानाच्या दिशेने दाखवलं. शब्द होता फॅक्स.

दोन गल्ल्या सोडून अप्पांचं एसटीडी बूथचं दुकान होतं, आणि तिथे फॅक्सचं मशीन होतं. त्यावर फळांच्या व्यापाऱ्यांचे आणि लॉरीवाल्यांचे कागद दिवसभर येत-जात असत. तिने लगेच टाइप केलं, मी नंबर घातला, आणि आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने अप्पा गल्लीतून अक्षरशः धावत आले. हातात गुळगुळीत कागद फडफडत होता. त्यावर होतं, 'अप्पा, चहा निवतोय. घरी या.'

"दुकान तसंच सोडून आलो बघ!" अप्पा धापा टाकत म्हणाले, आणि परत पळाले. मी तिथल्या तिथे उड्या मारल्या. बहीण तर भिंतीला टेकून हसत सुटली होती.

आई लगेच विरघळली नाही. मुलाखतीला जाऊ दे, इथपर्यंतच ती आली. फोन बरोबर न्यायचा, पोचल्यावर फॅक्स करायचा, आणि आम्हाला विचारल्याशिवाय तिथे 'हो' म्हणायचं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा काढली. एवढ्या लांब, शहराच्या टोकाला, फोनला रेंज मिळेल की नाही याची मला धाकधूक होती, पण आईला ते सांगायची माझी छाती झाली नाही. ती सकाळपासून दुकानात मशीनशेजारी स्टूल घेऊन बसली होती. फॅक्स करायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला तिने कन्नडमध्ये "स्वल्प इरी", जरा थांबा, म्हणून थांबवलं, दुसऱ्याला तर पुढच्या बूथवर पिटाळलं.

एकदा घंटा वाजली, मशीन किंचाळलं, कागद सरकू लागला. आई उभी राहिली. निघालं ते कुणाचं तरी टोमॅटोच्या पेट्यांचं बिल. तिने तो कागद असा आपटला की मला हसू आलं, आणि मग तिचा चेहरा बघून ते गिळावं लागलं.

पुन्हा घंटा वाजली तेव्हा आम्ही तिघंही मशीनवर ओणवे झालो. अक्षरं इंग्रजी होती. अप्पांनी आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

"पोचले. रेंज आहे. मुलाखत झाली. सोमवारपासून या म्हणाले. मी हो म्हटलं. आई, रागावू नको. अण्णा, फोन आता माझा."

अण्णा म्हणजे मी, तिचा थोरला भाऊ. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी फोन गेल्याची कळही आली. हो, आली. पण आनंद कितीतरी मोठा होता, आणि आईपुढे तो दाखवायची सोय नव्हती. ती कागदाकडे बघत होती. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्यासारख्या इथल्या जुन्या मराठी घरांत मराठी बोलायची ती आईबापांकडून ऐकून, आणि लिहायची कन्नड अक्षरांत, कारण शाळा कन्नड. आईला तेवढंच येत होतं. इंग्रजीतलं म्हणाल तर फक्त आकडे, घड्याळापुरते आणि बसच्या नंबरापुरते.

"ह्याच्यावरनं तिला उलट पाठवता येतं का?" तिने विचारलं.

"येतं," मी म्हणालो. "हाताने लिहिलेलंसुद्धा जातं. तिला तिथे तुझं अक्षर जसंच्या तसं दिसेल."

तिने अप्पांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि एका कोऱ्या कागदावर कन्नड अक्षरांत आमच्या घरच्या मराठीत लिहिलं, 'सरी. सकाळी बस किती वाजता? डबा करावा लागंल.' सरी म्हणजे बरं, ठीक. कागद मशीनमध्ये तिने स्वतः घातला. मी नंबर फिरवला. लेकीच्या तोंडासमोर उभं न राहता तिच्याशी बोलायची तिची ती आयुष्यातली पहिली वेळ होती, आणि कागद आत सरकत असताना तिचे ओठ तेच शब्द सावकाश उच्चारत होते.

उत्तर यायला वेळ लागला. बारीक कागद आला, त्यावर फक्त आकडे होते, ६.३०. अप्पा वाचून दाखवायला पुढे झाले, पण आईने त्यांचा हात बाजूला सारला आणि स्वतःच वाचलं.