आबा, स्पीड!

सहवैमानिकाचं काम काय, असं गावात कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो, "कॅप्टनच्या शेजारी बसून विमान उडवायचं!" खरं काम त्याहून अवघड आहे. कॅप्टन चुकला की त्याला तोंडावर सांगायचं. दोनदा सांगूनही तो गप्प राहिला, तर विमान सरळ आपल्या हातात घ्यायचं. आता मी ईट या खेड्यातला. वडिलांसमोर, म्हणजे आबांसमोर, खुर्चीत बसायचं तरी आधी घसा खाकरणारा. मला हे जमायचं कसं?

नाहीच जमलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. तिथल्या परीक्षेत परीक्षकच कॅप्टन होऊन डावीकडं बसले. पांढऱ्या मिशा, वय आबांएवढं. उतरताना त्यांनी मुद्दाम वेग जास्त ठेवला. मला दिसत होतं. मी म्हणालो, "सर, सवड झाली तर वेगाकडं जरा बघावं, असं आपलं मला वाटतं."

वाक्य संपेपर्यंत धावपट्टी संपली. विमान थेट पलीकडच्या रानात! पडद्यावरचंच रान, पण माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर पीक कुणाचं तुडवलं?

"विमान चालवायला आलात की अर्ज द्यायला?" परीक्षक म्हणाले. शेवटची संधी आठ दिवसांनी. तीही हुकली की कायमचं घरी.

मधल्या दिवसांत गावी आलो, तर आबा आणि आई येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला निघालेले. जीप आबा चालवणार. मी शेजारी बसलो आणि माझ्या डोक्यात चमकलं: सरावाला याहून कडक कॅप्टन कुठं मिळणार?

"आबा, वेग!"

"गप बस. तू जलमायच्या आदीपासून चालवतोय म्या."

"आबा, डावीकडं सरकलात."

"उतरवू का खाली?"

मागून आई खूष. "बोल रे बोल! मला तीस वर्षांत जमलं न्हाय."

मी पेटलोच. येरमाळ्याच्या अलीकडं उतार लागला. आबांची नजर नेहमीप्रमाणं दुसऱ्याच्या शेतावर. "सोयाबीन कुणाचं रं ते? लई माजलंय." समोर ट्रकचा लाल दिवा लागला.

"आबा, ट्रक!" उत्तर नाही.

"आबा, ट्रक!!" उत्तर नाही.

झालं की दोनदा! मी स्टिअरिंग धरून ओढलं. जीप रस्ता सोडून मुरमाच्या ढिगावर चढली आणि बंद पडली. ओटीचा नारळ घरंगळत माझ्या पायाशी. ट्रक केव्हाच लांब गेलेला.

आबा शांतपणे म्हणाले, "ट्रक दिसला हुता मला. ब्रेकवर पाय हुता."

"मग तसं बोलायचं की! मला कसं कळणार?"

आपण आबांवर ओरडलो, हे मला ओरडून झाल्यावर कळलं. मग आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी हेच सांगतीय. माणसानं व्हय तरी म्हणावं." ढीग उकरून जीप काढेपर्यंत आबा माझ्याशी बोलले नाहीत. देवीसमोर मी परीक्षेचं मागणं घालायच्या आधी आबांवर ओरडल्याची माफीच मागितली.

आठव्या दिवशी तेच नकली कॉकपिट, त्याच मिशा. धावपट्टी समोर, वेग जास्त. छाती अशी धडधडत होती की तेरखेड्याची फटाक्यांची माळच आत पेटली असावी.

"स्पीड!" मी म्हणालो. परीक्षक खिडकीबाहेर बघत बसले. अगदी सोयाबीन बघितल्यासारखे!

"आबा, स्पीड!!"

तोंडातून निघून गेलं. आता लाजायला वेळ कुठं होता? उत्तर नाही म्हटल्यावर "आय हॅव कंट्रोल!" असं ओरडून मी विमान हातात घेतलं, इंजिनांना जोर दिला, नाक वर उचललं. धावपट्टी खाली राहिली, आणि रानातलं पीक वाचलं!

परीक्षकांनी कागदावर सही केली. "मागच्या वेळी सर होतो," ते मिशीत हसत म्हणाले, "आज आबा. विमानात मात्र कॅप्टनच म्हणा."

बाहेर पडल्या पडल्या घरी फोन लावला. "आबा, पास झालो! त्यांनी उत्तर दिलं न्हाय, म्हणून विमान काढूनच घेतलं!"

"कितींदा हाक मारली हुतीस?"

"दोनदा."

पलीकडं बराच वेळ काही नाही. मी पुन्हा "आबा?" म्हणालो.

"व्हय, व्हय," आबा घाईघाईनं म्हणाले, "ऐकतोय म्या."