न कोसळलेला उतार

परवा गॅरेजमध्ये स्कीच्या जुन्या पट्ट्या उलगडल्या आणि त्यांच्या गोंदाचा उग्र वास आला. या पट्ट्या स्कीच्या तळाला चिकटवल्या, की चढताना पाय मागे घसरत नाही. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात अमेरिकेतल्या रेडमंडच्या ऑफिसातले आम्ही तिघे मराठी मित्र एका उभ्या शिखरावर चढत होतो. माथा दिसू लागला, तोच पायाखालचा बर्फ ‘धप्प’ आवाज करून बसला. आतला थर कच्चा असला, की असा आवाज येतो आणि उतारावरचा सगळा बर्फ कोसळू शकतो. “इथून परत फिरू या,” मी म्हणालो. “सर, आज वर्गाला सुट्टी आहे,” माझ्या मास्तरकीची थट्टा करत एक जण हसला. “घाबरलास तर तसं सांग ना यार,” दुसरा म्हणाला. मी एकटाच उतरलो आणि गाडीपाशी उभा राहून त्या उताराकडे पाहत राहिलो. तो जागचा हलला नाही. सोमवारी माथ्यावरचा त्या दोघांचा फोटो ऑफिसात सगळ्यांना मेलने आला. त्यानंतर त्यांनी मला कधी बरोबर नेले नाही. माझे म्हणणे खरे ठरायला त्यांना बर्फाखाली गाडले जावे लागले असते. ते सुखरूप परतले, म्हणून आजही त्यांच्या लेखी मी भित्राच आहे.