अठ्ठावीस वर्षं कोरा राहिलेला रकाना

रकाना कोरा दिसला की मला राहवत नाही. खोड शाळेपासूनची. ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नात मला कायम पैकीच्या पैकी. त्याच हुशारीच्या जोरावर कोर्टाच्या कचेरीत चिकटल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी एका माणसाच्या नोकरीवर पाणी सोडलं. पाणी माझं, नोकरी त्याची.

नव्या सरकारचा हुकूम होता: सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी जमातवार कॉम्प्युटरवर चढवा. जुन्या रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढे डोंगराकडचे, नदीकडचे किंवा बंदरवाले असं लिहिलेलं होतं. फक्त दुभाषीकाकांचा रकाना कोरा. अठ्ठावीस वर्षांत पाच हेडक्लार्क झाले, पाचांची पाच वळणं त्या पानावर दिसत होती, आणि पाचही जणांनी ती जागा सोडून दिलेली. मला वाटलं, विसरले बिचारे. कॉम्प्युटर कोरं काही घेईना. काका दुपारचा डबा नदीकडच्या शिपायांबरोबर खायचे, म्हणून मी दडपून दिलं: ‘नदीकडचे’.

हेडक्लार्कना कळलं तेव्हा यादी वर गेली होती. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “अरे शहाण्या, तो रकाना रिकामा नव्हता. तो तसाच भरलेला होता.”

मग त्यांनी सांगितलं. दंगलीच्या वर्षी छावणीत एक तान्हं पोर सापडलं. कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. नदीकडच्या बाईने त्याला अंगावर पाजलं, डोंगराकडच्या मास्तरांनी शिकवलं, बंदरातल्या एका खलाशाने पुढे आपली मुलगी दिली. तिन्ही भाषा त्याच्या तोंडात दुधासारख्या आल्या. कोर्टात दुभाषी म्हणून लागला तेव्हा पहिल्या हेडक्लार्कने जमात विचारली. काका म्हणाले, “तुम्हीच सांगा साहेब.” साहेबांनी टाक खाली ठेवला. तेव्हापासून ती कचेरीची रीतच पडली.

काकांचं काम मी पाहिलं होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून एक पाऊल अलीकडे, पाठ ताठ. समोरचा बोलत असेपर्यंत ते बसायचे नाहीत. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की काकाही ‘मी’ म्हणणार. “मी विळा उचलला, मी त्याच्या मानेवर घातला,” असं अगदी शांतपणे सांगायचे. मला एकदा म्हणाले, “सतरा खून कबूल केलेत मी आजवर. पण डबा एकदाही चुकवला नाही.”

महिनाभराने आकडे लागले. प्रत्येक जमातीला नोकऱ्या ठरावीक, वरचे घरी; नदीकडच्यांचा कोटा एकाने जास्त भरला. तो एक म्हणजे काका, त्या यादीतलं सगळ्यात नवं नाव. पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं.

मग पुढाऱ्यांना वास लागला. ज्यांनी इतक्या वर्षांत काकांना बस म्हटलं नव्हतं, ते नदीकडच्यांचे पुढारी गाडी घेऊन दारात. “तुमच्यावर अन्याय म्हणजे आमच्यावर अन्याय! उपोषणाला बसा. मांडव आमचा.”

“मांडव तुमचा, पोट माझं,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डोंगराकडचे आले. काकांनी फक्त एवढंच म्हणावं, की नदीकडच्यांनी त्यांचं नाव जबरदस्तीने आपल्या यादीत घुसवलं. घुसवलं होतं मी. मी तिथेच कपाटाआड फाइल शोधायचं नाटक करत उभा होतो. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला माझीच शिसारी आली, पण फाइल काही मी खाली ठेवली नाही.

शेवटी जमात ठरवणाऱ्या सरकारी आयोगापुढे काकांची सुनावणी लागली. हा रकाना मुळात गोऱ्या साहेबाने आखलेला. साहेब जाताना पियानोसुद्धा बोटीत घालून घेऊन गेला, रकाना तेवढा मागे ठेवला. आपल्या लोकांनी साहेबाचे पुतळे पाडले आणि रकान्याला लॅमिनेशन केलं.

अध्यक्ष म्हणाले, नियमाप्रमाणे जबानी मातृभाषेतच द्यायची, दुभाष्यामार्फत. जी भाषा बोलाल तीच तुमची जमात. शिपायाने दारात जाऊन तीनदा पुकारा केला, “दुभाषी हाजिर हो!” दुभाषी पिंजऱ्यातच उभा होता. काका एक पाऊल अलीकडे आले. “हजर आहे, साहेब.”

पहिलं वाक्य ते नदीकडच्या भाषेत बोलले, दुसरं डोंगराकडच्या, तिसरं बंदराच्या. प्रत्येक वाक्याला पिंजऱ्यात जायचे, बोलायचे, मग एक पाऊल अलीकडे येऊन उल्था सांगायचे. पण या वेळी ‘मी’ नाही म्हणाले. “साक्षीदार सांगतो, त्याला पाजणारी नदीकडची. साक्षीदार सांगतो, त्याने अक्षर गिरवलं ते डोंगराकडचं. साक्षीदार सांगतो, घरी भांडण बंदराच्या भाषेत होतं.”

“एकच भाषा बोला!” अध्यक्ष खेकसले.

“साक्षीदार सांगतो, तो एवढाच आहे.”

मागे कुणीतरी हसलं. चहाच्या सुट्टीत अध्यक्ष काकांना व्हरांड्यात घेऊन गेले. चहाचा ट्रे माझ्या हातात, म्हणून मला ऐकू आलं. अध्यक्ष डोंगराकडच्या बोलीत कुजबुजले, “अहो, उच्चार तर अस्सल आमचाच. आधी नाही का बोलायचं? एक अर्ज द्या, डोंगराकडे जागा रिकामी आहे. उद्या कामावर या.”

एवढं सोपं होतं ते! मी मनात म्हणत होतो, द्या ना काका, अर्ज द्या.

काका म्हणाले, “जिने पाजलं तिला परकी लिहून देऊ?”

“मेली असेल ती.”

“हो. म्हणूनच तर. तिला उलटून बोलता येणार नाही.”

अध्यक्षांनी बशीतला उरलेला चहा भुरकून घेतला, आत गेले आणि निकालात लिहिलं: साक्षीदाराने आयोगाची दिशाभूल केली. काका कमी झाले. कोटा बरोबर आला. कचेरीत कुणी पेढे वाटले नाहीत, एवढंच.

आता काका कोर्टाच्या फाटकाबाहेर स्टूल टाकून लोकांचे अर्ज लिहितात. नवा दुभाषी योग्य जमातीचा आहे, पण त्याला दोनच भाषा येतात. तिसरी आली की तो जिना उतरून फाटकापर्यंत पळत येतो, “काका, ‘बांध फोडला’ म्हणजे नेमकं काय हो?” काका उभे राहून सांगतात. बसून नाही. आत न्यायमूर्तींना याचा पत्ता आहे. सगळ्यांनाच आहे. तोंड वाकडं न करता सगळे हे पचवतात, मीसुद्धा.

काकांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. अपिलाला जोडायला दोन ओळी: रकाना मी भरला, कुणाला न विचारता, चूक माझी. खाली सही. “तुझ्या अक्षरात दे रे. तुझं अक्षर चांगलं आहे.”

हेडक्लार्क म्हणाले होते, आधी तुझं प्रोबेशन संपू दे. ते संपून चार महिने झाले.

आज सकाळीही फाटकातून आत शिरताना त्यांनी हाक मारली. “काय रे, आणलंस का?”

“उद्या, काका,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाले, आणि समोरच्या बाईचा अर्ज पुढे लिहू लागले. जमातीच्या रकान्याशी आले, तेव्हा त्यांनी टाक उचलला आणि तिला विचारलं, “इथे काय, तुम्हीच सांगा.”