केसातल्या फुलांवरून नापास

आमच्या चर्चच्या मंडळीतले ज्येष्ठ पंच मला आवडत नाहीत. हे मी प्रार्थनेत देवालाही सांगितलंय आणि त्याने अजून तरी माझं मन बदललेलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चामडी कव्हरातलं शास्त्र आणि प्रार्थनेत नेमक्या जागी दाटून येणारा कंठ. त्यांचा आवाज कापायला लागला की पहिल्या बाकावरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मीही लावायचे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आम्ही सगळे नोकऱ्यांपायी म्हैसूरला आलेले, बहुतेक नगर-पुण्याकडचे. बन्नीमंटपजवळच्या एका कन्नड चर्चचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी वापरायला मिळतो. सकाळी त्यांची उपासना, दुपारी आमची. त्यांच्या बायका मोगऱ्याचे गजरे माळून येतात, त्यामुळे उपासनेआधी आमचं पहिलं काम म्हणजे जमिनीवर पडलेली फुलं झाडून काढणं. आमच्या घरी चर्चला जाताना फुलं माळायची नसत. लहानपणी एकदा मी अबोली माळून निघाले, तर आईने फाटकातच ती ओढून काढली होती, चार केसांसकट. हॉलमध्ये केरसुणी फिरवताना माझ्या तोंडावर त्याच आईचा चेहरा असणार.

पंचांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करायला अग्रहार भागातून एक बाई दिवसभर यायची. बाईचं माहेर जुन्या मराठी घराण्यातलं, पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत होते म्हणे. लग्न एका ख्रिस्ती माणसाशी झालं, तेव्हा तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे नवरा वारला. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत मिळणारी भाकर आणि द्राक्षरस, मात्र तिने कधी घेतलं नव्हतं. मराठी बोलायची, पण तिला ती वाचता येत नव्हती. म्हातारीने पडल्यापडल्या तिच्याकडून प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा मराठीत पाठ करून घेतल्या. ज्या भाषेत शिकले त्याच भाषेतल्या मंडळीत प्रभुभोजन घ्यायचं, एवढीच बाईची इच्छा होती. त्यासाठी आमच्याकडे तीन पंचांसमोर परीक्षा द्यावी लागते. तिघांपैकी एक मी.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मी पंचांच्या घरी त्यांचा डबा परत द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. आतून पंचांचा आवाज आला, आणि त्या आवाजात कंठबिंठ काही दाटलेला नव्हता. "पुन्हा सांडलंस? आता उपाशीच ठेवतो, म्हणजे घाण तरी होणार नाही." ताट आपटल्याचा आवाज झाला. मग त्यांनी बाईला फर्मावलं, संध्याकाळी प्रार्थनेला लोक येतायत, हिला मागच्या खोलीत ने आणि दार लावून घे, वास मारतो. बाई खाली बसून सांडलेला भात गोळा करत होती. तिने मान वर केली आणि दारातली मी तिला दिसले.

मी दोन पावलं मागे सरकले आणि बेल वाजवली. पंच हसत बाहेर आले. "प्रभूची स्तुती असो, ताई!"

"स्तुती असो," मी म्हटलं, डबा दिला आणि घरी आले.

परीक्षेला ती ठेवणीतली साडी नेसून आली आणि केसात हा भलामोठा गजरा. म्हैसूरची बाई महत्त्वाच्या कामाला गजऱ्याशिवाय घराबाहेर पडत नाही. गजरा म्हणजे त्या कामाचा मान. हे मला इतकी वर्षं इथे राहून ठाऊक होतं. तरी माझ्या कपाळाला आठी पडली. तिने सगळं धडाधड म्हणून दाखवलं, थेट म्हातारीच्या नगरी हेलात. एक शब्द चुकली नाही.

"पाचवी आज्ञा?" पंचांनी विचारलं.

"आईबापाचा मान राखायचा, सार."

"म्हणजे काय करायचं? अर्थ सांग."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं रोखून. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"गोत्तिल्ला, सार," ती म्हणाली. "अर्थ सांगायला येत नाही मला."

"नुसती पोपटपंची," पंच आमच्याकडे वळून म्हणाले. "आणि प्रभूच्या मेजाकडे यायचं तर असं फुलं माळून, नटून? अंतःकरण अजून जगातच आहे. अजून वर्षभर थांबू दे हिला." त्यांनी हात वर केला. दुसऱ्या पंचांनी केला. तिसरा हात माझा. मी घाबरले म्हणून केला असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. खरं म्हणजे तो गजरा मलाही खुपत होता.

फाटकाशी तिला गाठून मी विचारलं, "तुला अर्थ येत होता ना?"

"येतो की, अक्का. पण सांगितला असता तर उद्या मला कामावर ठेवलं असतं का? अज्जी दुसऱ्या कुणाच्या हातनं खात नाही."

"मग माझ्याकडे का बघितलंस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

येशू चोरांवर किंवा बदनाम बायकांवर फारसा संतापलेला दिसत नाही. तो तुटून पडला तो देवाधर्माच्या माणसांवर, बाहेरून घासूनपुसून लख्ख आणि आत घाण. ते अध्याय मी आजवर कितीदा वाचले असतील. दर वेळी डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी यायचं, अलीकडे तर पंचच. स्वतःची आठवण कधी झाली नाही.

ईस्टरला उपासनेनंतर पाळकसाहेब आजाऱ्यांच्या घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन जातात. पंचांच्या घरी ताटली धरायला मी होते. म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले. उशाशी उभ्या असलेल्या बाईकडे बोट करून म्हणाली, "आधी हिला द्या. हिला मी शिकवलंय. तिला नापास करणारे तुम्ही कोण?"

"साहेब, आईचं डोकं आता ठिकाणावर नसतं," पंच हळुवार आवाजात म्हणाले. कंठ दाटत आलाच होता.

माझा स्फोट झाला. उपाशी ठेवायची धमकी, आपटलेलं ताट, मागची खोली, सगळं पाळकांसमोर ओकले. "बेडा अक्का, बेडा," बाई पुटपुटत होती, नको म्हणून. मला ऐकू येत होतं. मी थांबले नाही, कारण मला फार बरं वाटत होतं. पाळकांनी ताटलीवर रुमाल टाकला, पंचांचा निर्णय आहे, पुढच्या महिन्यात बघू म्हणाले आणि निघाले. प्रभुभोजन कुणालाच मिळालं नाही.

सोमवारी बाईला कामावरून काढलं. मी तिच्या घरी गेले, तर तिने दारातूनच एवढंच विचारलं, "अज्जी खाते का?" मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. एजन्सीची नवी बाई येते, म्हातारी दोन घास घेते आणि तोंड फिरवते.

मंडळीत पंच अजून पंचच आहेत. माझा मात्र भाव वधारलाय. उपासनेनंतर बायका माझा हात धरून म्हणतात, ताई, तुमच्यासारखं खरं बोलायला काळीज लागतं. मी मान खाली घालते, तेही नम्रपणा म्हणून खपतं. जे सगळं गिळून ती रोज म्हातारीला भरवत होती, ते मी माझं पोट हलकं करायला बोलून टाकलं. शाबासकी मला मिळाली आणि घास म्हातारीच्या तोंडचा गेला.