न मागितलेली चादर

समोरच्या बाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. कॅन्सर शोधणाऱ्या पेट स्कॅनचं, साखरेचं इंजेक्शन दिल्यावर तासभर बोलायचं नाही, चघळायचं नाही, अशी पाटी भिंतीवर आहे. एसीच्या गारठ्याबद्दल तिच्यावर अक्षर नाही.

गेल्या वर्षी याच खुर्चीत माझी बायको कुडकुडत होती. "चादर मागू का?" मी विचारलं. "राहू द्या हो, कशाला उगाच त्रास," ती म्हणाली. मीही मागितली नाही.

स्कॅनमध्ये तिच्या मानेत ठिपके चमकले. कॅन्सर पसरला असावा म्हणाले. मानेतून तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. आणि निघालं काय? गारठलेलं अंग ऊब मिळवायला इंजेक्शनमधली जी साखर ओढून घेतं, तेवढीच तिथे उजळली होती. "मग चादर मागायची ना!" डॉक्टर म्हणाले.

निमूट सोसणं हा आमच्याकडे बाईचा गुण. मशीनला तो कॅन्सरसारखा दिसला.

आज बायको घरची शाल पांघरून आत गेली आहे. मी उठून नर्सला म्हटलं, "त्या बाईंना चादर द्या." तिने कपाट उघडलं. आत चादरींची चळत होती, एकीचीही इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती.