वाळवलेला डोंगा

इंटरला नापास होऊन मी घरी बसलो होतो. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, पण माझ्या वडिलांच्या राज्यात नापास पोराला तोंड वर करायची सोय नव्हती. म्हणून फाल्गुनात आमच्या गावचा ढीवरकाका डोंगा घेऊन बाघ नदीने वैनगंगेकडे निघाला, तेव्हा मीही त्याच्या मागे लागलो. त्याला संगमाजवळच्या गावी लेकीला भेटायचं होतं. माझी मावशी त्याच्या अलीकडच्या गावात राहायची. मला फक्त घराबाहेर पडायचं होतं.

डोंगा म्हणजे एका अख्ख्या खोडातून कोरलेली अरुंद होडी. तिच्यात बसून मासे धरायचे आणि बाजारात विकायचे, एवढंच काकाचं उत्पन्न. जमिनीचा तुकडाही नव्हता. "बूड टेकून बस, बाबू. उभा झालास का दोघंही पान्यात," एवढंच त्याने मला बजावलं.

दोन दिवस आम्ही नदीने गेलो. पाणी उथळ झालं की उतरून डोंगा ढकलायचा, डोह आला की काका बांबू ठेवून वल्हं घ्यायचा. काठाच्या रेतीत डांगराच्या वाड्या होत्या. कलिंगडाला आमच्याकडे डांगर म्हणतात. एका म्हातारीने फोडून दिलेलं डांगर आम्ही पाण्यात पाय सोडून खाल्लं. नापास झाल्याची आठवण मला त्या दोन दिवसांत एकदाही झाली नाही. मी खरंच सुखात होतो.

मावशीच्या गावी मला उतरवून, डोंगा तिथल्याच घाटावर ठेवून काका पायी लेकीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो, तर डोंगा पाण्याखाली! आत दगड भरलेले. कोणीतरी खोडी केली असेल असं वाटून मी मावशीच्या दोन गड्यांना बोलावलं, दगड काढले, डोंगा ओढून रेतीवर घेतला, घासला आणि उन्हात पालथा घातला. आमचं घर धानाचं. ओलं ठेवलं की सडतं, वाळवलं की टिकतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. मावशीने माझं कौतुक केलं. तीन दिवस तो कडक उन्हात पडून होता.

काका परत आला आणि डोंग्याजवळ जाऊन उभा राहिला. बुडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. त्याने तिच्यात बोट घालून पाहिलं.

"कोनं काढला भाईर?"

"मी."

"कायले?"

"सडू नये म्हणून."

"धान होता का तो, वाळवाले? म्या दगड टाकून बुडवला होता. लाकूड फुटू नये म्हनून बुडवतो आमी."

चिंध्या आणि डांबर भरून पाहिलं, पाणी थांबेना. डोंगा तिथेच सोडून आम्ही चालत घरी आलो. वाटेत काका वल्हं खांद्यावर टाकून माझ्यापुढे चालत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या बांधावर डोंगा होण्याजोगं मोठं झाड उभं होतं. वडिलांना सगळं सांगून ते मागायचं, असं मी रोज ठरवायचो. रोज वडील समोर आले की मी गोठ्याकडे निघून जायचो. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

आषाढात काका आमच्याच शेतावर मजुरीला आला. पऱ्हे, म्हणजे लावणीची धानाची रोपं, उपटायचं काम. त्याच्या हातून रोपांची मुळं तुटत होती. वडील बांधावरून ओरडले, "अरे, मुळं तोडून राहिला ना! ढिवराले काय समजते धानातलं?"

काकाने चिखलात वाकल्यावाकल्या माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाला, "शिकून घेतो, मालक."

मी वडिलांच्या शेजारी उभा होतो. तसाच उभा राहिलो.